आधी व्हायल उघडायची, मग फोन लावायचे: ऊसतोडीच्या एका हंगामातलं लसीकरण

१० जानेवारी २०२३, मंगळवार. दुपारी दीडच्या सुमारास एक बाई कडेवर पोर घेऊन अंगणवाडीच्या दारात आली. आमचं लसीकरणाचं बाह्य सत्र होतं तिथं. सकाळपासून नऊ लाभार्थी होऊन गेले होते, पेंटाची (पाच रोगांवरच्या एकत्र लसीची) बाळं, पोलिओ, टीडीसाठी (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीसाठी) एक गरोदर बाई, आणि सिस्टर आता टॅली शीट भरत बसल्या होत्या. बाई ऊसतोडीची, बीडकडची, टोळी ओढ्याजवळ उतरलेली, पोरगी अकरा महिन्यांची. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून आणलेलं, पेंटाचे तिन्ही डोस गावाकडच्या उपकेंद्रात वेळच्या वेळी घेतलेले, पुढचा चौकोन कोरा. म्हणजे गोवर-रुबेलाचा पहिला डोस, एमआर, जो नऊ महिने पूर्ण झाले की द्यायचा असतो.

कॅरियरमध्ये, म्हणजे लसीच्या थंड पेटीत, एमआरची व्हायल (लसीची बाटली) होती, पाच डोसची, आणि सकाळपासून एमआरचं एकही बाळ आलं नव्हतं म्हणून बंदच होती. सिस्टरनी ड्यू लिस्ट, म्हणजे डोस राहिलेल्या बाळांची यादी, बघितली, गावातलं एमआरचं अजून एक बाळ होतं पण ते आजोळी गेलेलं. मग त्या म्हणाल्या, "एकीसाठी व्हायल फोडता येत नाही गं, पुढच्या महिन्यात दुसऱ्या मंगळवारी ये, नाहीतर गुरुवारी पीएचसीला घेऊन ये." पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून अकरा किलोमीटर. बाई एवढंच म्हणाली, "आज खाडा करून आलेय ताई," आणि गेली, वाद घातला नाही, आवाज चढवला नाही.

मी त्या पीएचसीला मेडिकल ऑफिसर होते. हा प्रसंग मला कळला पाच आठवड्यांनी, जेव्हा तीच बाई तीच पिशवी घेऊन माझ्या ओपीडीत आली आणि पोरगी तापाने फणफणलेली होती, डोळे लाल, नाक वाहतंय, कानामागून सुरू झालेलं पुरळ छातीपर्यंत उतरलेलं, आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. गोवर आणि त्यावर न्यूमोनिया. व्हिटॅमिन ए चा पहिला डोस दिला, दोन लाख युनिट, दुसरा डोस दुसऱ्या दिवशी द्या म्हणून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ऑक्सिजन लावला आणि १०८ बोलावून पुढे पाठवलं. गाडी गेल्यावर सिस्टर तिथेच उभ्या होत्या. त्यांनी कार्ड ओळखलं होतं. त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, म्हणून हे प्रकरण आज लिहिता येतंय.

पोरगी वाचली. आठ दिवसांनी परत आली, पण वजन इतकं उतरलेलं की झबलं खांद्यावरून घसरत होतं.

इथं प्रामाणिकपणे एक सांगायला पाहिजे. त्या दिवशी डोस दिला असता तर गोवर झालाच नसता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, नऊ महिन्यांच्या आसपास दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण देतो, म्हणून तर दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. पण तिच्या वाट्याची ती ८५ टक्क्यांची शक्यता आम्ही चार डोस वाचवायला म्हणून काढून घेतली, हे खरं आहे. आणि सिस्टरना हे शिकवलं कोणी, तर मी. डिसेंबरच्या मासिक मीटिंगमध्ये मीच म्हणाले होते की आपला एमआरचा वेस्टेज वर चाललाय, व्हायल उघडताना जरा बघून उघडा. "जरा बघून" याचा अर्थ सिस्टर काय घेणार? ज्यांचं नाव रिपोर्टात लाल रंगाने येतं त्या काय घेणार? व्हायल उघडायची नाही, हाच अर्थ घेतला त्यांनी.

आता हा वेस्टेज नेमका काय असतो ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की लस वाया गेली म्हणजे कोणीतरी निष्काळजीपणा केला. एमआर आणि बीसीजी (क्षयरोगाची लस) या जिवंत जंतूंपासून केलेल्या, सुकवलेल्या भुकटीच्या लसी. द्यायच्या वेळी त्यांच्यात डायल्युएंट, म्हणजे कालवायचं पाणी, घालायचं, आणि एकदा घातलं की चार तास, किंवा सत्र संपेपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. त्यानंतर आत कितीही डोस शिल्लक असले तरी ते द्यायचे नाहीत. पेंटा, टीडी, पोलिओ, हिपॅटायटिस बी यांचं तसं नाही, त्यांना ओपन व्हायल पॉलिसी लागू आहे, व्हीव्हीएम (व्हायलवरची उष्णता दाखवणारी खूण) ठीक असेल, एक्सपायरी झाली नसेल, शीतसाखळी तुटली नसेल आणि लेबलवर उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली असेल तर उघडलेली व्हायल २८ दिवस वापरता येते. तिथे एक बाळ आलं काय आणि दहा आली काय, फारसा फरक पडत नाही. सगळी कोंडी एमआर आणि बीसीजीची.

आणि चार तासांचा नियम कागदी नाही हो. या लसींमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, पाणी घातल्यावर सुईतून एखादा जंतू आत गेला आणि व्हायल तशीच राहिली तर तो आत वाढतो आणि त्याचं विष बाळाच्या अंगात जातं. २०१७ च्या मे महिन्यात दक्षिण सुदानमधल्या कापोएटा भागात गोवरच्या मोहिमेत १५ मुलं दगावली, तिथं लस चार दिवस शीतसाखळीशिवाय ठेवली गेली होती आणि कालवणीची सिरिंजही तीच तीच. त्यामुळे "उरलेले डोस उद्या देऊ" हा मार्ग आमच्यासाठी बंदच आहे आणि बंदच राहिला पाहिजे.

मग उरतं काय? गणित बघा. साधं उपकेंद्र म्हणजे पाच हजार लोकसंख्या. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास, म्हणजे वर्षाला ७५ बाळं, महिन्याला सहा. एमआरचा पहिला डोस घेणारी सहा आणि दुसरा घेणारी सहा, मिळून बारा डोस. उपकेंद्राखाली चार गावं-वाड्या आणि प्रत्येक ठिकाणी महिन्याला एक सत्र, म्हणजे एका सत्राला तीन बाळं. पाच डोसच्या व्हायलमधले तीन लागले, दोन टाकले. वेस्टेज ४० टक्के. कोणाचीही चूक नाही, सगळी बाळं वेळेवर आली, सिस्टरनी सगळं काटेकोर केलं, तरी ४० टक्के. आणि एमआरची मान्य मर्यादा आहे २५ टक्के, बीसीजीची ५०. मर्यादा ठरवणाऱ्यांना दोष देत नाही मी, मोठ्या सत्रांमध्ये, शहरात, दवाखान्यात हे टक्के आरामात जमतात आणि राज्याची सरासरी काढताना सगळं एकत्र येतं. पण तोच आकडा तालुक्याच्या मीटिंगमध्ये एका वाडीवरच्या सिस्टरला लावला की तिच्याकडे एकच उपाय उरतो, बाळ परत पाठवणं. कारण बाळ परत गेलं की ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही. व्हायल बंद परत आली, वेस्टेज शून्य.

खरं तर लसीकरणाच्या सूचनांमध्ये एका बाळासाठीसुद्धा व्हायल उघडा हेच आहे, ट्रेनिंगलाही तेच सांगतात, आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. पण मध्ये कोविड होऊन गेला. २०२१ मध्ये कोविशिल्डची व्हायल दहा डोसची, कोव्हॅक्सिनची सुरुवातीला वीसची, उघडल्यावर चार तास, आणि बाहेर रांगेत शंभर माणसं. तेव्हा आम्ही दहा जण मोजून बसवायचो आणि मगच व्हायल उघडायचो, आणि ते बरोबरच होतं, कारण लस कमी आणि माणसं जास्त, एक डोस वाया म्हणजे रांगेतला एक माणूस घरी. जून २०२१ च्या केंद्राच्या नियमात तर वेस्टेज जास्त असेल तर राज्याच्या वाट्यावर परिणाम होईल असंच लिहिलं होतं. केरळने त्या वर्षी मे महिन्यापर्यंत मिळालेल्या ७३,३८,८०६ डोसमधून ७४,२६,१६४ डोस दिले, व्हायलमध्ये जो थोडा जास्तीचा भरणा असतो तो तिथल्या नर्सनी थेंब न सांडता काढला म्हणून. फार कौतुकाची गोष्ट आहे ती आणि मी अजूनही नवीन सिस्टरना ती सांगते. पण ती सवय आमच्या अंगात भिनली आणि रांग संपल्यावरही राहिली. आता रांगेत शंभर माणसं नव्हती, दारात एकटी बाई होती.

आणि ती बाई कोण हेही समजून घ्यायला लागेल, कारण या प्रकरणातली खरी गाठ तिथं आहे. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. टोळी येते, कारखाना दाखवेल तिथे पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्या उभ्या करते, एक फड संपला की दुसऱ्या फडाला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते आणि ती दोघांच्या कामातून फिटते. एकीने एक दिवस चुकवला की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पहाटे तीन-चारला फडावर, दुपारी उशिरा परत. आमचं सत्र सकाळी नऊ ते दुपारी, अंगणवाडीत. म्हणजे आमचं दार उघडं असतं त्या वेळात तिने येणं हेच तिला परवडत नाही, आणि ती ते परवडवून आली होती. गावातल्या बाईला "पुढच्या महिन्यात ये" सांगणं आणि हिला सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढच्या महिन्यात टोळी ओढ्याजवळ असेल की शेजारच्या तालुक्यात, हे तिलाही माहीत नसतं.

त्यात तो हंगाम कुठला होता तर २०२२-२३ चा. ऑक्टोबरपासून मुंबईत गोवंडीकडे गोवरचा उद्रेक झालेला, मग भिवंडी, मालेगाव, रोज पेपरला बातम्या. आम्ही सगळ्या वाचत होतो, आणि आमच्या ओढ्याजवळ काय चाललंय तिकडे लक्ष नव्हतं. गोवरचा एक रुग्ण लस न घेतलेल्या लोकांत १२ ते १८ जणांना लागण करतो, आणि कोप्या असतात एकाला लागून एक.

पोरगीला पुढे पाठवलं त्याच दुपारी संशयित गोवर म्हणून कळवलं, नमुना गेला, आणि संध्याकाळी मी, सिस्टर, आशाताई आणि आमचे आरोग्य सेवक भाऊ असे चौघं कोप्यांवर गेलो. पाच वर्षांखालची अकरा मुलं निघाली. चौघांचं कार्ड पूर्ण. बाकी सात जणांचं एमआरचं काही ना काही राहिलेलं, कोणाचा पहिला, कोणाचा दुसरा, त्या आजारी पोरीची मोठी बहीण तर चार वर्षांची आणि एकही डोस नाही. तिच्याच कडेवर दिवसभर ती आजारी पोरगी असायची, आई फडावर गेली की.

मग तिथंच, कोप्यांच्या मध्ये उभं राहून, आम्ही तीन-चार गोष्टी ठरवल्या. सगळ्यात मोठी गोष्ट सिस्टरच बोलल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, आपण पाच जमायची वाट बघतो आणि मग उघडतो. उलटं करू ना. पहिलं बाळ आलं की उघडायची, आणि उघडली की मग पाच जमवायला लागायचं." इतकं साधं. वेस्टेज कमी करायचाच आहे, पण वाट बाळाने बघायची नाही, धावपळ आम्ही करायची. लेबलवर वेळ लिहिली की आशाताईंनी फोन काढायचा, "व्हायल उघडलीय, अमुक वाजेपर्यंत चालतीय, ड्यू लिस्टमधलं कोण येतंय?" पूर्वी आम्ही ड्यू लिस्ट सत्राच्या आदल्या दिवशी वापरायचो, आता ती व्हायल उघडल्यानंतर दुसऱ्यांदा हातात यायला लागली.

पण सिस्टरची भीती होती ती नुसत्या बोलण्याने जाणार नव्हती. चार डोस टाकल्याचा जाब त्यांनाच विचारला जाणार. म्हणून सत्राच्या रजिस्टरमध्ये पहिल्या पानावर मी लिहून सही-शिक्का केला की एमआर आणि बीसीजीची व्हायल एका लाभार्थ्यासाठीही उघडावी, याची जबाबदारी वैद्यकीय अधिकाऱ्याची. कुठलाही नवा आदेश नव्हता तो, जे आधीच छापलेलं आहे तेच. पण आपल्याकडे खालच्या माणसाला हातात कागद लागतो, आणि तो द्यायला मला एवढा उशीर झाला.

तीन दिवसांनी संध्याकाळचं सत्र लावलं, कोप्यांवरच. कारखान्याच्या शेती विभागाचा एक स्लिपबॉय होता, कुठली टोळी कुठल्या फडात आहे आणि फड कधी संपणार हे त्याच्या डायरीत रोजच्या रोज असतं, आमच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये ते नसतं. त्याने सांगितलं की तीन किलोमीटरवर दुसरी टोळी आहे आणि तिचा फड चार दिवसांत संपतोय. म्हणजे तिथली मुलं आताच. कोणीतरी म्हणालं, इथलं झालं की उघडलेली व्हायल घेऊन तिकडे जाऊ, चार तास आहेत की. मी नाही म्हणाले. सत्र संपलं की उघडलेली एमआर संपली, ती पिशवीत घालून दुसऱ्या जागी न्यायची नाही, अंधारात, आडरस्त्याने, तिथं मागे हटायचं नाही. मग मुलंच इकडे आणायची ठरली. कारखान्यावर ऊस खाली करून रिकाम्या येणाऱ्या टायरगाड्या त्या रस्त्यानेच यायच्या, एका गाडीवानाने दोन आया आणि तीन पोरं आणली, बैलांच्या गळ्यातल्या घंटा लांबूनच ऐकू आल्या.

पाच वाजून वीस मिनिटांनी सिस्टरनी पहिली व्हायल हातात घेतली. आधी व्हीव्हीएम, म्हणजे गोलाच्या आतला चौकोन गोलापेक्षा फिका आहे ना ते, मोबाइलच्या टॉर्चमध्ये नीट बघितलं, मग डायल्युएंटचं नाव आणि तारीख मोठ्याने वाचली, कालवणीच्या सिरिंजने डायल्युएंट आत सोडलं, व्हायल हलकेच फिरवली, आणि बॉलपेनने लेबलवर ५.२० लिहिलं. बॉलपेन ओलसर लेबलवर उठेना, तर पदराने पुसून परत लिहिलं. पहिला डोस त्या चार वर्षांच्या बहिणीला. ती रडली नाही, उजव्या दंडावर कापूस धरून बाकीच्यांना सुई लागताना बघत उभी राहिली. त्या संध्याकाळी या कोप्यांवरची चार मुलं मिळाली (बाकीच्यांना ताप होता किंवा आई अजून फडावरून आली नव्हती, ती दोन दिवसांनी झाली), दुसऱ्या टोळीची तीन, आणि आशाताईंच्या फोनवर गावातून एक बाई मोटारसायकलवर बाळ घेऊन आली. आठ मुलं, दोन व्हायल, दहा डोस, दोन टाकले. शेवटच्या बाळानंतर अर्धा तास सगळ्यांना बसवून ठेवलं, पावणेआठला सत्र बंद केलं, आणि उघडलेल्या व्हायल पीएचसीत आणून वेगळ्या डब्यात ठेवल्या, कुणा बाळाला काही त्रास झालाच तर तपासायला असाव्यात म्हणून त्या ४८ तास फेकायच्या नसतात.

प्रत्येक वेळी एवढं छान जमलं नाही. मार्चमध्ये एका सत्राला एकच बाळ आलं, फोन सगळ्यांना लावले, कोणी आलं नाही, चार डोस टाकले. असं तीनदा झालं. हंगाम संपेपर्यंत आमचा एमआरचा वेस्टेज पस्तीसच्या घरात गेला होता.

आणि एक प्रसंग असा आला की मलाही लगेच उत्तर देता आलं नाही. एका कोपीत बाळंतपण झालं, रात्री, दवाखान्यात पोचायच्या आत. बाळ पाच दिवसांचं, बीसीजी द्यायची राहिलेली. बीसीजीची व्हायल दहा डोसची, एक महिन्याखालच्या बाळाला ०.०५ मिली, म्हणजे बाकीची जवळजवळ सगळी फेकायची. आणि त्याच आठवड्यात आमच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसी ठेवायच्या फ्रिजमध्ये, बीसीजीच्या तीनच व्हायल, पुढचा पुरवठा दहा दिवसांनी. फार्मासिस्ट दादा शीतसाखळी सांभाळतात, ते म्हणाले, "मॅडम, एमआरचं मी काही बोललो नाही, तिथं स्टॉक होता. इथं ही एक उघडली तर पीएचसीत जन्मणाऱ्या बाळांना उद्या काय देणार?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लस मुबलक आहे तिथं टाकलेला डोस म्हणजे पैसे, पण लस खरोखर कमी आहे तिथं टाकलेला डोस म्हणजे दुसरं बाळ. या दोन गोष्टी एकाच "वेस्टेज" शब्दात बसवल्या की सगळा विचारच चुकतो.

मग आम्ही असं बघितलं की थांबू कोण शकतं. बीसीजी आपल्याकडे एक वर्षापर्यंत देता येते. गावातल्या बाळाला आठ-दहा दिवस उशीर झाला तर ते सापडणार आहे, आशाताई त्याच्या आजीला ओळखतात. टोळीतलं बाळ परवा कुठे असेल माहीत नाही. म्हणून व्हायल उघडायची त्याच्यासाठी, आणि गावातल्या दोन बाळांना त्याच सत्राला बोलावून घ्यायचं. आणि दादांनी ई-विनवर, म्हणजे लसींच्या साठ्याच्या ऑनलाइन नोंदीत, शेजारच्या पीएचसीचा साठा बघितला, तिथं बीसीजी जास्त होती, आमच्या सेवक भाऊंनी कॅरियर घेऊन जाऊन पाच व्हायल आणल्या, नोंद करून. ई-विन आमच्याकडे कितीतरी दिवस होतं, आम्ही रोज आपला साठा भरत होतो, पण शेजारी काय आहे ते बघायला म्हणून उघडलं नव्हतं. तीन बाळांना बीसीजी झाली त्या दिवशी. सात डोस गेले.

एप्रिलमध्ये तालुक्याच्या आढाव्यात एमआरच्या आकड्यावर प्रश्न आला, येणारच होता. मी सत्रनिहाय यादी घेऊन गेले होते, कुठली व्हायल कुठे, किती वाजता, किती बाळांसाठी उघडली, त्यातली किती टोळीतली. आणि सोबत एक दुसरा कागद होता, तो दाखवताना मला जास्त वाईट वाटत होतं. आदल्या पावसाळ्यात एका रात्री आयएलआरचा थर्मोस्टॅट बिघडून तापमान शून्याखाली गेलं होतं, सकाळी नोंदवहीत उतरवताना दिसलं, आणि पेंटाच्या १४ व्हायल टाकाव्या लागल्या. पेंटा गोठली की संपली. दहा डोसची व्हायल, म्हणजे १४० डोस, एकही न उघडता, एकाही बाळाच्या दंडापर्यंत न पोचता. त्या महिन्यात चौकशी झाली, थर्मोस्टॅट बदलला, विषय मिटला. माझं म्हणणं एवढंच होतं की ही एक रात्र आणि आमचा अख्खा हंगाम शेजारी ठेवून बघा. बंद व्हायल वाया गेली तर चूक आमची, थर्मामीटर दोन वेळा बघा, आइसपॅक बाहेर काढून थोडे घामेजू द्या आणि मग कॅरियरमध्ये भरा, आधी एक्सपायर होणारी आधी वापरा, यात कसलीही सूट नको. पण उघडलेल्या व्हायलमधले डोस गेले तर आधी विचारा की ती कोणासाठी उघडली होती. दोन्हीचे रकाने वेगळे करा. आणि तिसरा रकाना घाला, सत्राला आलेलं बाळ लस न देता परत पाठवलं का, हो की नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. फॉर्म छापील असतो, तो आमच्या सांगण्याने बदलत नाही, पण आमच्या पीएचसीच्या रजिस्टरमध्ये आम्ही तिसरा रकाना हाताने आखून घेतला आणि पुढच्या वर्षी शेजारच्या दोन पीएचसींनीही आखला. मागणी करतानाचं गणितही दादांनी बदललं. छापील हिशोबात २५ टक्के वेस्टेज धरून गरजेला १.३३ ने गुणतात, पण हंगामात ज्या उपकेंद्रांखाली कोप्या पडतात तिथं जास्त लागणार हे आधीच धरून ऑक्टोबरमध्ये मागणी नोंदवायला सुरुवात केली. आधी मागितलेली लस वेळेत येते, मार्चमध्ये आठवण झालेली येत नाही. आणि वाडीवरची जी दोन सत्रं अगदीच रिकामी जायची ती एकत्र केली, गाडीची सोय बघून. ही काटकसर करायलाच पाहिजे होती आणि ती कोणत्याही बाळाला न दुखवता झाली. एका वाडीने मात्र तक्रार केली, म्हाताऱ्या आजीला नातवाला घेऊन ओढा ओलांडायला लागतो म्हणून, आणि तक्रार खरी होती, तिथलं सत्र पावसाळ्यात परत सुरू केलं.

ती बीडची बाई मार्चमध्ये टोळी परत जायच्या आधी पोरीला घेऊन आली. गोवर होऊन गेला तरी एमआर द्यायचीच असते, रुबेला राहिलेला असतो. पोरगी तेव्हा कुठं भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. सिस्टरनी तिच्यासाठी व्हायल उघडली आणि कार्डावरचा तो कोरा चौकोन भरला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये टोळी परत आली, त्याच कारखान्याला, यंदा ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला. स्लिपबॉयने तिसऱ्या दिवशी फोन केला. पोरगी एकवीस महिन्यांची झाली होती, पळत होती, आणि दुसऱ्या डोसची वेळ झालेली. सत्राला एमआरची ती एकटीच होती. सिस्टरनी व्हायल उघडली, लेबलवर ४.४० लिहिलं, आशाताईंनी फोन लावायला घेतले. एक बाळ साडेपाचला आलं, एक सहाला. दोन डोस राहिले, ते टाकले.